बूच, पण जरा स्टाइलमध्ये!

गिफ्ट म्हणून वाइनची बाटली कुणीही देतं. बूच कोण देतं? मी देतो! आणि साधंसुधं नाही बरं का. लेथवर कातलेलं सागवानी बूच, त्याच्या कमरेला फिरोजी खड्यांचा पट्टा आणि खाली बाटलीच्या तोंडात फिट्ट बसणारा रबरी शंकू. बाटली एका संध्याकाळी संपते, बूच वर्षानुवर्षं राहतं.

नाशिकच्या 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. पुढच्याच वर्षी राज्याचं वाइन धोरण आलं आणि मराठी घरातल्या फ्रिजमध्ये अर्धी उरलेली बाटली दिसायला लागली. उघडलेल्या वाइनला हवा लागली की तिची चव उतरते. घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस निभतात. वाइन घेत नाही? नो प्रॉब्लेम! काकवी, ऑलिव्ह ऑइल, कोकम सरबत... बूच कुठेही शोभतं.

या शब्दाचं झाडसुद्धा आहे. पुण्यातल्या रस्त्यांवर पांढऱ्या, लांब दांड्याच्या फुलांचा सडा घालणारं बुचाचं झाड. विलायती कॉर्क महाग, म्हणून त्याची जाड साल बुचासाठी वापरायचे. खरा कॉर्क पोर्तुगालकडचा. तिथल्या कॉर्क ओकची साल एकदा काढली, की पुन्हा हात लावायला नऊ वर्षं थांबायचं!

माझं बूच मात्र परतवाड्याचं. चिखलदऱ्याला जाताना घाट चढायच्या आधी लागतं ते गाव. मागे मेळघाटचं जंगल, गावात वन खात्याचं लाकूड आगार, आरा मशिनी आणि फर्निचरवाले. सागवानाच्या राशीच राशी. पलंग-सोफ्यातून उरलेले वीतभर तुकडे बहुतेक चुलीत जातात. बुचाला तेवढाच तुकडा पुरतो: दीड इंच चौरस, अडीच इंच लांब.

आमच्या ओळखीचे एक खरादी काका आहेत. पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं, हा त्यांचा रोजचा माल. मी मोबाइलवर बुचाचा फोटो दाखवला. काका म्हणाले, "एवढंसंच? याले कायचा वेळ लागते!"

वेळ लागला. लाकडात खालून भोक पाडायचं, ते लेथवर चढवायचं आणि पटाशीने आकार द्यायचा, इथपर्यंत काकांचा हात सराईत. मग मधोमध दोन-तीन मिलिमीटरची खाच. तिच्यात आधी दगडाचे बारीक खडे, मग फटी भरायला त्याचंच पीठ, वरून पातळ सुपरग्लूचे थेंब. सागवान तेलकट, त्यामुळे खाच आधी अ‍ॅसिटोनने पुसायची, नाहीतर ग्लू नीट धरत नाही. वाळलं की पुन्हा लेथ, मग एकशेवीसपासून सहाशे नंबरपर्यंत पॉलिश पेपर.

आता खडे कुठले? खनिजांचा कठीणपणा मोजतात मोह्‍ज स्केलवर, एक ते दहा. हिरा दहा. फिरोजा पाच ते सहा, हिरवागार मॅलाकाइट चारच्या आसपास. बाजारात स्वस्तात मिळणारा 'फिरोजा' पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट असतो, आणि लेथवर तो चक्क सोयीचा पडतो, कारण मऊ असतो. अकीक मात्र सात! त्याच्यापुढे पटाशीची धार हरते. तो नुसता घासत बसावा लागतो.

आणि इथेच आपली, म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकांची हौस आडवी येते. माझ्या ऑफिसात बूच हातोहात फिरलं आणि लगेच फर्माईश आली, "ओरिजिनल अकीकमध्ये मिळेल का?"

अकीक म्हणजे सिलिका. तो कोरडा घासला की जी धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर पूर्ण बरं करणारा इलाज नाही. गुजरातमधलं खंभात अकीकच्या कामासाठी जगभर प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या कारागिरांच्या सिलिकोसिससाठीही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांचा अभ्यास केलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा आणि १९९७ मध्ये सिलिकाची धूळ, दोन्ही कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. काकांच्या नाकावर असतो फक्त दुपट्टा. हे सगळं सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाऊ, भुसा निदान दिसते तरी. हे दगडाचं पीठ त दिसतबी नाई!"

ऑर्डर मी तिथेच कॅन्सल केली. काकांना चांगले एन-९५ मास्क नेऊन दिले. आता कोरडं घासणं बंद. पट्टा तेल लावून ओला घासतात, आणि दगड दुकानात कुटायचा नाही, असं ठरलंय. त्याने वेळ वाढतो, म्हणून बुचाची किंमतही वाढली. ती मी घासाघीस न करता देतो. तुम्हीही असलं काही घ्याल तेव्हा दगड खरा की खोटा हे जरूर विचारा, पण तो घासला कसा हेही विचारा.

पर्याय काकांनीच शोधला. बसस्टँडजवळच्या चावीवाल्याकडे पितळेचा कीस फुकट पडलेला असतो. तो खाचेत भरला आणि पॉलिश केला, की सागवानावर सोन्याची किनार काढल्यागत दिसतो. मास्क तेव्हाही हवाच. यंदा दिवाळीला मी तशी बारा बुचं सांगून ठेवलीयत. बाटली ज्याची त्याने आणायची!