मोटारींतील गाणें आणि इक्वलायझर

हल्लीं पुष्कळ कुटुंबांच्या दारांत मोटार उभी असते, आणि जींत गाणें वाजविण्याचें यंत्र नाहीं अशी मोटार क्वचितच आढळते. पुण्याहून कोकणांत जावयाचें म्हणजे निदान चार-पांच तासांचा प्रवास. तेवढ्या वेळांत एखादा विलंबित ख्याल, चार नाट्यपदें, मुलांच्या आवडीचीं चित्रपटगीतें आणि आजींसाठीं एखादें कीर्तन, इतकें सहज ऐकून होतें. घरांतील सर्व माणसांनीं एकत्र बसून गाणें ऐकण्याचा योग आजच्या धांवपळींत बहुधा मोटारींतच येतो. असें असतां त्या यंत्रांतील 'इक्वलायझर' नामक सोयीकडे लक्ष देणारे थोडे, आणि तिचा यथायोग्य उपयोग करणारे त्याहूनही थोडे. म्हणून या महिन्यांत तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

मनुष्याच्या कानास सुमारें २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे दर सेकंदास तितकीं कंपनें होणारे, नाद ऐकूं येतात. इक्वलायझर या विस्ताराचे पांच, सात किंवा दहा पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्याचा जोर स्वतंत्रपणें कमीअधिक करूं देतो. काळी एकमध्यें गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारें १३९ हर्ट्झवर असतो. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर. परंतु यावरून तंबोरा म्हणजे केवळ खालच्या पट्ट्यांतील वस्तु, असें कोणीं समजूं नये. जवारी नीट लागली म्हणजे जो झंकार उठतो तो हजारों हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. तबल्याचेंही तसेंच. शाईमुळें मृदंग-तबल्याचे उपनाद मूळ नादाशीं संवादी होतात, हें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालींच दाखवून दिलें. शब्दांतील व्यंजनें मुख्यत्वें १,००० ते ४,००० हर्ट्झच्या आधारानें ओळखूं येतात, आणि 'स'काराचा सीत्कार त्याच्याही वर असतो. तात्पर्य, एकच पट्टा हालविला तरी त्याचा परिणाम गाण्याच्या अनेक अंगांवर होतो.

आतां बहुतेक ठिकाणीं काय केलेलें आढळतें? खालचे पट्टे वर चढविलेले, टोंकाचे पट्टेही वर चढविलेले, आणि मधले, ज्यांत गायकाचा गळा व शब्द असतात ते, खालीं दडपलेले! दोन मिनिटें हें मोठें झोंकदार वाटतें; तासाभरानें मात्र डोकें जड होतें. याचें कारण मोटारीच्या घडणींतच आहे. लहानशा बंद जागेंत अति खालचे नाद आपोआप बळावतात; कांचांवरून वरचे नाद उसळून कानावर आदळतात, तर गाद्या व कपडे त्यांतील कांहीं गिळून टाकतात. अशा जागेंत खालचा पट्टा आणखी चढविणें म्हणजे आधींच खारट झालेल्या आमटींत मीठ घालण्यासारखें आहे. शिवाय कोणताही पट्टा ३ डेसिबेल चढविला कीं त्या पट्ट्यापुरती दुप्पट शक्ति लागते, आणि १० डेसिबेल चढविला कीं दसपट. यंत्राची शक्ति संपली म्हणजे नाद तुटूं लागतो, फाटूं लागतो. आणि तो फाटला कीं स्पीकर वाईट म्हणून आपण नवे आणावयास निघतों.

यास्तव आमचें सांगणें एवढेंच कीं, इक्वलायझर हें मुख्यतः वजाबाकीचें साधन समजावें. जें जास्त झालें आहे तें काढून घ्यावें, म्हणजे उरलेलें आपोआप वर येतें.

कृति अशी. मोटार एखाद्या शांत जागीं उभी करावी आणि पंखा बंद करावा. दाराच्या कप्प्यांतील बाटल्या, नाणीं, किल्ल्या काढून ठेवाव्या. त्यांचा खडखडाट कोणताही इक्वलायझर घालवूं शकत नाहीं. नंतर सर्व पट्टे शून्यावर आणावे, आणि 'बास बूस्ट', 'लाउडनेस' इत्यादि सर्व अलंकार बंद करावे. त्यानंतर डावी-उजवी व पुढची-मागची वांटणी अशी करावी कीं गायक समोर बसला आहे असें वाटेल. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळें उजव्या दाराचा स्पीकर त्यास अधिक जवळ पडतो, हें ध्यानांत असावें. पुष्कळदां निम्मी तक्रार येथेंच मिटते.

आतां आपल्या पूर्ण परिचयाचें, स्वच्छ मुद्रित झालेलें एखादें गाणें लावावें. त्यांत गळा, तंबोरा व तबला तिन्ही असावे. एकेक पट्टा क्षणभर चांगला ५-६ डेसिबेल वर चढवून ऐकावा. ज्या पट्ट्याला चढवितांच आवाज विशेष कर्कश किंवा विशेष घुमट होतो, तो या मोटारींत मुळांतच जास्त आहे असें समजून शून्यापेक्षां २-३ डेसिबेल खालीं आणावा. साधारणतः ६० ते ८० हर्ट्झच्या आसपास धडधड, २०० ते ३०० वर गढूळपणा, १,००० वर नाकांतला स्वर, ३,००० वर टोंचणी आणि ८,००० वर 'स'काराचा त्रास आढळतो. तीनांहून अधिक पट्ट्यांना हात लावण्याची गरज बहुधा पडत नाहीं.

अशी जुळणी झाली कीं मोटार रस्त्यावर न्यावी. टायर, वारा व इंजिन यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या नादांचा असल्यामुळें तेथें डग्गा दबल्यासारखा वाटेल. त्यापुरता खालचा पट्टा एक-दोन डेसिबेल वर घ्यावयास हरकत नाहीं. हें काम मात्र शेजारच्या मनुष्यानें करावें. चालकाची दृष्टि रस्त्यावरच असली पाहिजे. आणखी एक गोष्ट. आवाज लहान असतां कानास खालचे नाद त्या मानानें फारच कमी ऐकूं येतात. फ्लेचर व मन्सन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं हें मोजून दाखविलें. 'लाउडनेस'ची कळ त्यासाठींच आहे; आवाज मोठा असतांना तिचें कांहीं प्रयोजन नाहीं.

मागच्या आसनावरील वडील माणसांचाही विचार करावा. वयोमानानें प्रथम वरचे नाद ऐकूं येईनासे होतात. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहींत' अशी आजोबांची तक्रार असते, आणि आपण भाबडेपणानें सगळाच आवाज वाढवितों. त्यानें धडधड वाढते, शब्द मात्र तितकेच अस्पष्ट राहतात. त्याऐवजीं खालचे दोन पट्टे उतरवून २,००० ते ४,००० चा पट्टा किंचित् वर घेऊन पाहावा. पुष्कळदां एकंदर आवाज न वाढवितांही कीर्तनकाराचे शब्द उमजूं लागतात.

हें सर्व केवळ शौकिनांसाठीं आहे, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. तसें नाहीं. कानाच्या आंत नाद टिपणाऱ्या सूक्ष्म केसल पेशी प्रत्येक बाजूस सुमारें १५,००० असतात, आणि मनुष्याच्या बाबतींत त्या एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें ८० डेसिबेल आवाजास आठवड्यास ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. आवाज ९० वर गेला कीं ती ४ तासांवर येते. मागें बसलेल्या मुलाच्या कानाशेजारींच दारांतला स्पीकर असतो, आणि 'कान दुखतात' असें तें नेहमींच सांगेल असें नाहीं. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा आपल्या बंद कांचांच्या आड ऐकूं न आल्यास त्याचें मोल दुसऱ्या कुणास द्यावें लागेल.

ज्यांची जुळणी नीट असते, त्यांना आवाज मोठा करण्याची इच्छाच फारशी होत नाहीं. पुढील प्रवासास निघण्यापूर्वी आमच्या वाचकांनीं अर्धा तास या कामीं द्यावा, आणि ती जुळणी यंत्रांत सांठवून ठेवावी. मग घाट चढतांना तंबोरा ऐकूं येईल, बोलतां येईल, आणि मुक्कामीं उतरतांना कोणाचें डोकें दुखणार नाहीं.