शेजारच्या टेबलावरचे नामवंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही लेखाची मागणी केली, तेव्हा त्यांच्या मनात लसीकरणाचे वेळापत्रक किंवा मुलांमधील वाढती स्थूलता असा एखादा विषय असणार. त्या विषयांवर मी यापूर्वी इतके लिहिले आहे की आपल्यापैकी अनेकांनी ते न वाचताच उलटण्याची सवय लावून घेतली असेल. म्हणून यावेळी जरा आडवाटेचा विषय निवडला आहे. तो वैद्यकीय नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. शेवटपर्यंत वाचल्यास तसे वाटणार नाही.

गेल्या हिवाळ्यात चार वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील माझ्याकडे घेऊन आले. पाच दिवसांचा खोकला, रात्री झोप नाही. आजाराचा पूर्वेतिहास विचारता आई उत्साहाने सांगू लागली की, रविवारी रात्री साडेअकरापर्यंत ते आश्वेच्या किनाऱ्यावरील एका रेस्टॉरंटमध्ये बसून होते. जेवण नऊलाच आटोपले होते. परंतु शेजारच्या टेबलावर हिंदी चित्रपटातील एक सुप्रसिद्ध नट सहकुटुंब बसलेला होता आणि तो उठेपर्यंत आपण उठायचे नाही, असे ठरले होते. वडिलांनी तत्परतेने मोबाइल काढून मला छायाचित्र दाखविले. त्यात नटाची मान, वेटरचे कोपर आणि भोकाड पसरलेला माझा रुग्ण एवढेच होते. मुलाला कडेवर घेऊन त्या टेबलापाशी नेण्यात आले होते आणि ‘अंकलला शेकहँड कर’ अशी आज्ञाही झाली होती. मुलगा रडला म्हणून आई अजून नाराज होती. मला मात्र त्या प्रसंगात मुलाचेच वर्तन शास्त्रशुद्ध वाटले. अनोळखी माणसाच्या जवळ जाऊ नये, हे आपण त्याला वर्षभर शिकवितो आणि एका रात्री आपणच त्याला अनोळखी माणसाच्या अंगावर ढकलतो.

आमचा पेडणे तालुका पूर्वी या बाबतीत निश्चिंत होता. मोठी माणसे दाबोळीला उतरत आणि कळंगुट, बागा अथवा पणजी येथेच राहत. आता मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांना तत्पूर्वीच बहर आलेला होता. आता नामवंत मंडळी थेट आमच्या दारातच उतरतात. त्यांच्या येण्याने शॅकवाल्याला, टॅक्सीवाल्याला, घर भाड्याने देणाऱ्याला चार पैसे मिळतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याबरोबर एक नवा छंदही आला आहे. कोण कुठे जेवतो, कोणत्या बारमध्ये किती वाजेपर्यंत बसतो, कोणाबरोबर बसतो, याची टेहळणी करणे आणि ती जगजाहीर करणे. गंमत अशी की, याच मोरजीच्या तेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडली कासवे अंडी घालण्यास येतात, तेव्हा वनखाते घरट्याभोवती कुंपण घालते, आणि पर्यटकही प्रकाश न पाडता, आवाज न करता दूर उभे राहतात. कासवाला जी सवलत आपण देतो, ती माणसाला देत नाही.

हे कुतूहल आजचे नाही, हे मान्य केले पाहिजे. मुंबईत चर्चगेटच्या ‘गेलॉर्ड’मध्ये संगीतकार जयकिशन यांचे टेबल ठरलेले असे, आणि १९७१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ते टेबल काही काळ मेणबत्ती लावून राखून ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. त्यांना पाहण्यासाठी तेथे कॉफी प्यायला जाणारे लोक तेव्हाही असणारच. ‘पापाराझी’ हा शब्दही रोमच्या व्हिया व्हेनेतो या रस्त्यावरील कॅफेंच्या वातावरणातून आला. फेलिनीच्या १९६० च्या ‘ला दोल्चे व्हिता’ या चित्रपटातील पापाराझ्झो नावाच्या छायाचित्रकारावरून तो रूढ झाला. आपल्या मारिओ मिरांडांनी मात्र कुलाब्याच्या ‘कॅफे मोंडेगार’च्या भिंती चितारताना उलटे केले. तेथे खाणारी-पिणारी सामान्य माणसेच त्यांनी भिंतीवर चढविली. मला तो न्याय फार आवडतो.

निवासी डॉक्टर म्हणून मी मुंबईत असताना रविवारी सुटी मिळालीच तर दादरला जात असे. शिवाजी मंदिरात नाटक आणि त्याआधी छबिलदासच्या गल्लीत बटाटावडा, असा आमचा विलासाचा परमावधी होता. एकदा वड्याच्या रांगेत माझ्या पुढे रंगभूमीवरील एक थोर नट उभे होते. नाव मुद्दाम लिहीत नाही. रांगेतील प्रत्येकाने त्यांना ओळखले होते, हे सर्वांच्या एकाएकी सरळ झालेल्या पाठींवरून कळत होते. कोणी बोलले नाही. वडेवाल्याने त्यांना लवकर वडा दिला नाही की पैसे घेण्यास नकार दिला नाही. फक्त दोन मिरच्या जास्त ठेवल्या. त्या काळी लोक अधिक सुसंस्कृत होते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. खिशात कॅमेरा नव्हता, हेच मुख्य कारण असावे. माझ्या खिशात असता तर मीही हात घातला असता.

आमच्या पेडण्यात तर प्रसिद्धीचा सगळाच मामला उघड्यावर चाले. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक चालते. आम्ही मुले नाटकापूर्वीच पडद्यामागे जाऊन उभी राहत असू. राजा स्वतःच आरशात पाहून स्वतःचे तोंड रंगवीत असे, राणी विडी ओढीत असे. पहाटे राक्षसाचा वध झाला की तोच राजा रंग अर्धवट पुसून टपरीवर आमच्या शेजारी चहा पिई, आणि आमचे वडील त्याला ‘यंदा भात कसे काय?’ असे विचारीत. त्याला पाहिल्याचे आम्हांला कौतुक नव्हते असे नाही. पण पाहणे आणि हिसकावून घेणे यांतला फरक त्या टपरीवर कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

नियतीचा आणखी एक विनोद आपणा डॉक्टर मंडळींना ठाऊक आहेच. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि त्याचे मुख्य ठाणे झाले ते पणजीतील आपल्या जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात. १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा सांगणारी ही संस्था. रुग्णालय बांबोळीला गेले आणि त्या आवारात चित्रपटगृहे उभी राहिली. जेथे रुग्णाच्या खाटेशी हळू बोलावे, त्याचे नाव जिन्यावर घेऊ नये, असे आपल्या कितीतरी पूर्वसूरींना शिकविले गेले, तेथेच आता नोव्हेंबरमध्ये लोक कठड्याला रेलून नावे ओरडतात. यात वाईट काही नाही. तारे त्यासाठीच तर लाल गालिच्यावरून चालतात. मी तक्रार करतो आहे ती गालिचा संपल्यानंतरच्या भागाबद्दल.

आणि येथे मला स्वतःबद्दल लिहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या एका मध्यरात्री माझ्या दवाखान्याची घंटा वाजली. मांद्र्याचा टॅक्सीवाला ओरडत होता, ‘दोतोर, भुरग्याक झटको आयला!’ मागील आसनावर दोन वर्षांचे मूल घेऊन एक स्त्री होती आणि बरोबर तिचा पती. त्याचा चेहरा मी पोस्टरवर पाहिलेला होता. माझ्या टेबलावर ठेवीपर्यंत झटका थांबलेला होता. ताप एकशे तीन, घसा लाल, मान मऊ, मूल पंधरावीस मिनिटांत डोळे उघडून आईला ओळखू लागले. साधा तापाचा झटका. आपण रोज पाहतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांतील दोन ते पाच मुलांना तो येतो, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांना पुढे अपस्माराशी काहीही कर्तव्य उरत नाही. मी आईवडिलांना हे दोनदा सांगितले, तीन तास मुलाला नजरेखाली ठेवले आणि पहाटे पाठविले. तो सुप्रसिद्ध मनुष्य माझ्या बाकावर इतर बापांसारखाच बसला होता. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

येथपर्यंत माझे वर्तन ठीक होते. चार दिवसांनी म्हापशातील एका रेस्टॉरंटमध्ये आम्हा पाचसहा व्यवसायबंधूंचे स्नेहभोजन होते. दुसरा पेग झालेला, मासळी अजून यायची होती. कोणीतरी म्हणाले, ‘बालरोगतज्ज्ञांचे बरे आहे, शेंबूड आणि जुलाब.’ आणि मी नाव घेतले. घेतले ते हळू आवाजात, ‘आपापसांत म्हणून सांगतो’ असे म्हणून, परंतु घेतले. टेबलावर एकदम जी शांतता झाली, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, त्याचे सुख मला आजही आठवते. ते मी नाकारीत नाही. मागे एक कुटुंब जेवत होते आणि वेटर भाताचे पातेले घेऊन उभा होता.

तीन दिवसांत बातमी फिरू लागली: अमक्याच्या मुलाला फिट येतात, गोव्यात उपचार चालू आहेत. साध्या तापाच्या झटक्याचा अपस्मार व्हायला एवढा वेळ पुरला. मुलाच्या आईचा मला दूरध्वनी आला. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरे झाले असते. घरातील वृद्ध आजीने ते कोणाच्या तरी फोनवर वाचले आणि ती दोन दिवस जेवली नाही, एवढेच तिने सांगितले. आणि विचारले, ‘डॉक्टर, तुम्ही आम्हांला सांगितले त्याहून काही वेगळे आहे का?’ बातमी माझ्याकडूनच फुटली असे मी सिद्ध करू शकत नाही. टॅक्सीवाला होता, घर सांभाळणारी माणसे होती. माझ्याकडून फुटली नाही, असेही सिद्ध करू शकत नाही. मी तिला ‘नाही, वेगळे काही नाही’ असे सांगितले आणि म्हापशाच्या जेवणाविषयी बोललो नाही. तेवढे धैर्य मला झाले नाही.

रुग्णाचे गुपित उघड करू नये, हे भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलेले आहे. न्यायालयाचा आदेश, कोणा व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, कळविणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद. मासळी येण्यास उशीर झाला, हा अपवाद त्यात नाही. लंडनच्या रुग्णालयातील जेसिंथा साल्ढाणा या परिचारिकेचे २०१२ मधील प्रकरण आपणांस आठवत असेल. मूळची आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची. राजघराण्यातील रुग्णाची चौकशी करणारा बनावट दूरध्वनी तिने केवळ पुढे जोडून दिला, आणि नंतर तिने स्वतःचे जीवन संपविले. जिने काहीच सांगितले नाही तिची ही गत. आम्ही लग्नाच्या पंक्तीत बसून सांगतो आणि पान खाऊन घरी जातो. मनोहर पर्रीकर २०१८ मध्ये आजारी पडल्यापासून मार्च २०१९ मधील त्यांच्या निधनापर्यंत गोव्यातील प्रत्येक डॉक्टरला कोणी ना कोणी ‘आतली बातमी’ विचारीत होते. राज्यकर्त्याच्या प्रकृतीविषयी जनतेला काही कळण्याचा हक्क आहे, असे मी मानतो; परंतु ते अधिकृतपणे कळावे, बारमधील तिसऱ्या टेबलावरून नव्हे. ज्यांना काहीच ठाऊक नव्हते तेही त्या काळात गूढ हसत, हे अधिक लाजिरवाणे होते.

प्रसिद्धीवरच ज्यांचे पोट, त्यांनी प्रसिद्धीचा जाच सोसावा, असा युक्तिवाद केला जातो. माझे काही मित्रही करतात. त्यात थोडे तथ्य आहे. विमानतळावर छायाचित्रकारांना आपणहून बोलावणारे तारेही आहेत. परंतु त्यांच्या मुलांनी असा कोणताही करार केलेला नसतो. आणि आमच्या मुलांनीही नाही, ज्यांना रात्री साडेअकराला कडेवरून नेऊन शेकहँड करायला लावतात.

यंदा पावसाळ्यात पत्नीसह साखळीहून परतताना डिचोलीच्या एका साध्या हॉटेलात पातळभाजी-पाव खायला थांबलो. कोपऱ्यात टोपी घातलेला एक माणूस, त्याची पत्नी आणि एक मुलगा बसले होते. टोपी असूनही मी ओळखले. मुलगा आता मोठा झाला आहे. वयाच्या मानाने उंची चांगली, पावाचा दुसरा तुकडा स्वतः मागून घेत होता, आणि रस्सा सदऱ्यावर सांडल्याबद्दल आईचे बोलणे खात होता. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. पत्नीने विचारले, ‘ओळखीचे कोणी आहे का?’ मी म्हटले, चहा निवतो आहे.