पोट शांत आहे, पण रक्त काय म्हणतंय?

थंडी सुरू झाली की ब्रिटनमधले बरेच निवृत्त मराठी लोक तीन-चार महिने गावी जातात. बॅगेत गोळ्या मोजून भरल्या जातात. रक्ततपासणी मात्र 'परत आल्यावर बघू' म्हणून राहून जाते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असणाऱ्यांनी ही सवय सोडायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

या आजारांत अनेकांना अ‍ॅझाथायोप्रिन देतात. आतड्याची सूज त्याने आटोक्यात राहते, पण काहींच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, काहींच्या लिव्हरला त्रास होतो. सुरुवातीला हे जाणवतही नाही. पोट शांत असतं, भूक लागते, मग माणूस म्हणतो, 'आता कशाला टोचून घ्यायचं?' म्हणूनच सगळं स्थिरावल्यावरही साधारण दर तीन महिन्यांनी सीबीसी, लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट करतात. रिपोर्टशिवाय जीपीने पुढच्या गोळ्या अडवल्या की आपण चिडतो. पण तो अडवतो ते आपल्याच भल्यासाठी.

आपल्यासाठी आणखी एक मुद्दा. टीपीएमटी तपासणी नॉर्मल असली, तरी एनयूडीटी१५ या जनुकातल्या फरकामुळे पेशी झपाट्याने घसरू शकतात. हा फरक युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतो. क्लिनिकमध्ये त्याबद्दल जरूर विचारा.

गावी तपासणी अवघड नाही. तालुक्याच्या लॅबमध्येही सीबीसी होते. फक्त आकडे बघून गोंधळू नका: इथे पांढऱ्या पेशी ४.२ लिहितात, तिथे ४२००; दोन्ही एकच. त्या ३.५ म्हणजे ३५०० च्या खाली गेल्या, तर इथल्या आयबीडी नर्सला लगेच कळवा. ताप आला, घसा धरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गाऊटसाठी कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर अ‍ॅझाथायोप्रिन चालू असल्याचं आधी सांगा. डोस न बदलता दोन्ही एकत्र घेणं जिवावर बेतू शकतं.

रक्तातून सगळंच कळतं असंही नाही. सीआरपी नॉर्मल असूनही आतड्यात सूज असू शकते. त्यासाठी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते.

गावाकडच्या मंडळींना एकच विनंती. 'किती ते रक्त काढतात मेले!' असं काळजीपोटीसुद्धा म्हणू नका. त्यापेक्षा विचारा, 'काका, या वेळचा रिपोर्ट झाला का?' नसेल झाला, तर गाडी काढा आणि त्यांना लॅबमध्ये घेऊन जा.