आधी करार, मग टाळे

३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील अखेरचे कोळशावरील वीजकेंद्र बंद झाले. १८८२ साली लंडनमध्ये सुरू झालेले पर्व संपले. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच देशात १९८४-८५ चा वर्षभराचा संप मोडून काढून खाणी बंद करण्यात आल्या आणि खाणकामगारांची गावे बेकारीच्या खाईत लोटली गेली, याचा विसर पडता कामा नये. उलट स्पेनने २०१८ साली कामगार संघटनांशी करार करून बहुतेक खाणी बंद केल्या. मुदतपूर्व निवृत्ती व पर्यायी रोजगार यांसाठी २५ कोटी युरोंची तरतूद केली. उद्या हाच प्रश्न चंद्रपूरच्या खाणकामगारांपुढे उभा राहणार आहे. स्वच्छ ऊर्जेचा हिशेब केवळ मेगावॉटमध्ये मांडून चालणार नाही. आधी करार, मग टाळे, ही मागणी आपण आजच लावून धरली पाहिजे.