धामापूरचा अंधार राखू या

मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव १५३० सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून मातीचा बांध घातला आणि भगवतीच्या देवळाच्या पायाशी पाणी अडवले. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून त्याचा गौरव झाला. पाणी राखणाऱ्या या गावाला आता माथ्यावरचे आकाशही राखायचे आहे.

हे आकाश साधे नाही. धामापूर सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. थंडीत अगस्तीचा तारा इथे दक्षिणेला २१ अंशांपर्यंत चढतो. लंडनला तो कधीच दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्रिशंकू दिसतो, आणि मध्यरात्रीनंतर वृश्चिकाच्या नांगीपाशी आकाशगंगा सर्वांत दाट होते.

याच मुलखाने त्या आकाशाला शब्द आणि सूर दिले. वेंगुर्ल्याजवळ जन्मलेले, कुडाळात खानावळ चालवणारे चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू. त्यांच्या ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली लावल्या आणि त्या घरोघर पोचल्या. कार्तिकानंतरच्या जत्रांत दशावतार रात्रभर रंगतो; पेटी, मृदंग आणि झांज पहाटेपर्यंत थांबत नाहीत. आपल्या रागांनाही रात्रीचे प्रहर नेमून दिलेले आहेत. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेलही पेशाने संगीतकारच होता. ज्याने रात्र मन लावून ऐकली, त्याने ती पाहिलीही.

ही रात्र झपाट्याने विरते आहे. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०११ ते २०२२ या काळात आकाशाची कृत्रिम उजळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. याच वेगाने, जिथे मुलाच्या जन्मावेळी २५० तारे दिसतात तिथे ते मूल १८ वर्षांचे होईतो १००च उरतील. नुकसान फक्त ताऱ्यांचे नाही. पावसाच्या तोंडावर काजवे एकमेकांना प्रकाशानेच साद घालतात. प्रखर दिव्यात ती साद हरवते. अंड्यातून निघालेली कासवाची पिल्ले किनाऱ्यावरच्या उजेडाने भुलून समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

कोणी म्हणेल, दिवे नसतील तर वाटेवर भीती. दिवे हवेतच, पण त्यांचा उजेड वाटेवर पडावा, आभाळात नव्हे. डोळे दिपवणाऱ्या दिव्यापलीकडचा माणूस तर मुळीच दिसत नाही.

उपाय महाग नाही. दिव्याला वरून टोपी, तोंड जमिनीकडे, रंग पिवळसर, ३००० केल्विनच्या आत, आणि रात्री ११ नंतर गरज नसलेले दिवे बंद. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे असेच जमिनीकडे वळवले गेले. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे अंधारे आकाश राखणारे क्षेत्र, झाले. जे विदर्भातल्या गावांना जमले, ते आपल्याला का जमू नये?

धामापूरकरांनो, येत्या ग्रामसभेत दिव्यांचा ठराव मांडा. होमस्टे आणि रिसॉर्ट चालवणाऱ्यांनो, तलावाकडे रोखलेले फोकस आजच खाली वळवा. शिक्षकांनो, अमावास्येच्या आसपास मुलांना बांधावर आणा. सप्तर्षी दाखवा, एक कविता म्हणा, एक गाणे गाऊन घ्या. मालवणात येणाऱ्या पाहुण्यांनो, खोली घेताना विचारा: इथून तारे दिसतात का? तुमच्या या एका प्रश्नाने पुष्कळ दिवे विझतील.