पेन ड्राइव्हचाही संसर्ग टाळा

अकोले, पारनेर, पाथर्डीहून नगरला उपचारासाठी येणारे रुग्ण जुना सीटी स्कॅन किंवा एमआरआय कधी पेन ड्राइव्हमध्ये आणतात. तोच पेन ड्राइव्ह अनेकदा झेरॉक्सच्या दुकानात अर्ज छापायलाही लावलेला असतो. हात न धुता एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जावे, तसाच हा प्रकार.

२००८ मध्ये आढळलेला ‘कॉन्फिकर’ नेटवर्कबरोबरच पेन ड्राइव्हमधूनही पसरत असे. २००९ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्डच्या रुग्णालयांत तो ८०० हून अधिक संगणकांत शिरला. तिथे विंडोजचे सुरक्षा अपडेट बंद ठेवले होते.

संगणक बंद पडला की रिपोर्ट अडतात, उपचार लांबतात. म्हणून ग्रामीण रुग्णालयांतही बाहेरचे पेन ड्राइव्ह तपासून तिथेच पाहण्यासाठी, नेटवर्कला न जोडलेला एक वेगळा संगणक असायलाच हवा. साधाही चालेल; त्यातला अँटिव्हायरस मात्र अद्ययावत हवा.

घरीही ऑटोरन बंद ठेवा. पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी स्कॅन करा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसला, तर त्यावर क्लिक करू नका. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळी ठेवा. संसर्ग झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो टाळणे केव्हाही स्वस्त.