दिवा लागतो, गाडी चालत नाही

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने लिहावे ते कवितेवर, किल्ल्यावर, नाही तर चकलीवर, असा एक संकेत आहे. यंदा तो मोडतो. यंदा आमच्या वर्ध्याच्या घरी चकलीचे पीठ दळून येण्याआधीच एक खेळण्यातले इंजिन आले आणि बिघडून बसले. 'खेळण्यातले' हा शब्द माझा. ते पुण्याहून घेऊन आलेला आमचा भाचा तो शब्द ऐकला की दुखावतो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी उघडले. तिथे लहानपणी जाऊन त्याला जे वेड लागले, ते नोकरी लागली तरी उतरलेले नाही.

इंजिन होते शेजारच्या काकांसाठी. काका पुलगाव-आर्वी गाडीवर फायरमन होते. १९१७ साली सुरू झालेली ही ३५ किलोमीटरची गाडी, रुळांतले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. आता त्या मार्गावर गाडी धावत नाही. काकाही भाऊबीजेनंतर घर आवरून नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला जायचे होते. त्याआधी त्यांना छोटी गाडी धावताना दाखवायची, हा भाच्याचा बेत. आर्वीच्या इंजिनाचे प्रतिरूप त्याला मिळाले नाही. म्हणून ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटरच्या गाडीचे आणले. प्रमाण एकास ८७, म्हणजे रूळ ९ मिलिमीटरचे. या मापाने पुलगाव ते आर्वी हे सारे अंतर चारशे मीटरांत बसते!

पुण्यात चाललेले इंजिन महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून इथे आले आणि रुसले. बटण दाबले की दिवा लागे, चाक मात्र हलेना.

इथे थोडी शिकवणी करतो. सवय जात नाही. जुन्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब वाढवला की गाडी पळे, दिशा उलटवली की मागे जाई. डिजिटल पद्धतीत रुळांत दाब सदा पुरता असतो. विजेची दिशा मात्र सेकंदाला हजारो वेळा पालटते, आणि त्या पालटण्यातच निरोप असतो. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर १, शंभराचा असला तर ०. लघु-गुरूच म्हणा ना! इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे वृत्त वाचतो आणि आपल्या क्रमांकाच्या नावचा हुकूम तेवढा पाळतो. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. डिकोडर नसलेले इंजिन मात्र या रुळांवर ठेवू नये. त्याची मोटर गुणगुणते, तापते आणि जळूही शकते.

भाच्याने रूळ स्पिरिटने पुसले, चाके पुसली, चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या वाकवून पाहिल्या. मग क्रमांक विसरला गेला असेल म्हणून प्रोग्रॅमिंगच्या रुळावर इंजिन ठेवून विचारले, तर उत्तर नाही. ज्या दुकानातून डिकोडर घेतला तिथे फोन केला. तिथल्या गृहस्थांनी न बघताच निकाल दिला: जळला, नवा घ्या. तो येणार दिवाळी उलटल्यावर.

काका खुर्चीवर बसून हे सारे पाहत होते. म्हणाले, "दिवा लागते न बापा! मंग ऐकू येते त्याले. हातपाय सुटले असन त्याचे."

भाचा गप्प झाला आणि एकदम उठला. काकांना डिकोडर ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण बोलणे अगदी नेमके होते. हुकमाने दिवा लागतो, त्या अर्थी क्रमांक बरोबर आहे आणि डिकोडर शुद्धीवर आहे. मग प्रश्नाला उत्तर का नाही? तर डिकोडर 'होय' म्हणतो तो बहुधा मोटरला क्षणभर वीज देऊन. त्या झटक्याने वाढलेला प्रवाह पाहून यंत्राला उत्तर कळते. मोटरच जोडलेली नसेल, तर बिचारा ऐकतो सगळे, बोलणार कशाने?

टोपण उघडले. डिकोडरच्या तारांचे रंग ठरलेले असतात: लाल-काळी रुळांची, नारिंगी-करडी मोटरची. करडी तार मोटरपासून सुटून लोंबत होती. मग भीती निराळीच वाटली. ती तार इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकली असती, तर डिकोडर खरोखरच जळला असता. मल्टिमीटरने पाहिले; टेकलेली नव्हती. कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी बारीक टोकाने सोल्डरचा एक थेंब टाकला, आणि पैसे घेतले नाहीत, गाडी पाहायला मात्र बरोबर आले.

विचारल्यावर इंजिनाने आता मुकाट्याने ३ सांगितले. हुकूम सुटताच ते उडी मारून निघाले. आम्ही टाळ्या पिटल्या. काकांना ते पसंत नव्हते.

"आर्वीची गाडी अशी सुटत नव्हती," ते म्हणाले.

यावरही डिजिटलमध्ये उपाय आहे. सीव्ही ३ नावाचा एक आकडा असतो. तो वाढवला की गाडी वेग हळूहळू घेते. भाच्याने ५ भरला. काकांनी मान हलवली. १० भरला, १५ भरला. २५ वर इंजिन काही क्षण जड होऊन उभे राहिले, मग रांगत रांगत निघाले.

"हां," काका म्हणाले, "आता डबे लाव."